अरबी शिकताय? आधी हे वाचा

नागपुरातल्या रुग्णालयात परिचारिका आहे. दोन महिन्यांनी कुवेतला रुजू व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

आधी कोणती अरबी हवी ते ठरवा. पुस्तकांतली आणि बातम्यांतली अरबी म्हणजे फुसहा. शिकलेल्या माणसाला ती सगळ्या अरब देशांत समजते, पण घरात ती कोणी बोलत नाही. बाईमाणसाला 'कशा आहात?' विचारायचं तर पुस्तकात 'कैफा हालुकि', कुवेतमध्ये 'श्लोनिच' आणि कैरोत 'इज़्ज़यिक'. दोन महिन्यांत फुसहाचं व्याकरण होणार नाही, त्याच्या मागे लागूच नका. लिपी, अवयवांची नावं, 'कुठे दुखतं', 'कधीपासून' अशी कुवेती बोलीतली वाक्यं, एवढं पुरे.

आकडे मात्र पहिल्याच दिवशी. तिथला पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. औषधाच्या मात्रेत ही गल्लत परवडायची नाही. मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, संख्या मात्र आपल्यासारखीच डावीकडून लिहितात.

धरमपेठेत कॉलेजला आहे. उच्चार देवनागरीत लिहून घेतले आणि लिपी नंतर शिकलो तर चालेल ना?

नाही. वहीत 'तीन' लिहिलंस, तर ते अंजीर की चिखल? साध्या 'त'चा तीन म्हणजे अंजीर, जड 'त'चा म्हणजे चिखल. 'सैफ'चंही तेच: साध्या 'स'ने तलवार, जड 'स'ने उन्हाळा. (मे महिन्यातल्या नागपुरात दोन्ही एकच, ते सोड.)

अक्षरं अवघी 28, आणि मूळ आकार त्याहून कमी. एकाच पसरट आकाराखाली एक ठिपका दिला की 'ब', वर दोन दिले की 'त'. अलिफ, दाल, ज़ाल, रा, ज़ाय आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. त्यांच्यापाशी शब्द तुटल्यासारखा दिसतो, पण तो संपलेला नसतो. हे पेनाने गिरवूनच हातात बसतं. मोबाइलच्या कीबोर्डवर अक्षरं आपोआप जुळतात आणि शिकणारा कोराच राहतो.

रोज किती वेळ द्यावा?

अर्धा तास. पण रोज. रविवारी एकदम साडेतीन तास बसून काही होत नाही.

मोमिनपुऱ्यात राहतो. लहानपणापासून कुराण वाचतो, उर्दूही येते. मग अरबी वर्तमानपत्र का अडतं?

कारण कुराणात जेर, जबर, पेश (स्वर दाखवणाऱ्या खुणा) छापलेले असतात आणि वर्तमानपत्रात बहुधा नसतात. क, त, ब ही तीनच अक्षरं समोर आली, तर ते 'कतबा' (त्याने लिहिलं), 'कुतिबा' (लिहिलं गेलं) की 'कुतुब' (पुस्तकं), हे वाक्यावरून तुम्हीच ठरवायचं. त्यासाठी मूळ अक्षरं आणि त्यांचे साचे शिका. ह-क-म यातून हुक्म, हाकिम, हुकूमा (सरकार) आणि महकमा (न्यायालय) निघतात. 'हाकिम'च्याच साच्यात कातिब (लिहिणारा) आणि तालिब (विद्यार्थी) बसतात. असे दहाबारा साचे डोळ्यांखालून गेले की अनोळखी शब्दही निम्मा उलगडतो.

एक अडचण तुम्हाला नवख्यापेक्षा जास्त येईल. उर्दूत से, सीन, स्वाद तिन्ही 'स'च होतात आणि ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय चारही 'ज़'. अरबीत ते सगळे निराळे. तजवीद (कुराणपठणाचे उच्चारनियम) नीट शिकला असाल तर ही कटकट सुटली.

निवृत्त संस्कृत शिक्षिका आहे. या वयात जमेल का?

बाई, तुम्हाला उलट सोपं जाईल. द्विवचन इथेही आहे: एक किताब, दोन किताबान, त्याहून अधिक कुतुब. 'अहं छात्रः'मध्ये जसं क्रियापद लागत नाही, तसंच 'अना तालिब'मध्येही नाही. कोशही धातूवरूनच बघायचा. त्रास होईल तो अनेकवचनांचा, कारण पुष्कळदा शब्दाचा आतला सांगाडाच बदलतो. 'अखबार' हे 'खबर'चं अनेकवचन! म्हणून शब्द पाठ करताना दोन्ही वचनं जोडीनेच करा.

आणि 'ऐन' हा घशातून येणारा वर्ण पुस्तकातून शिकू नका. आठवड्यातून एकदा जाणकारासमोर म्हणून दाखवा, मधल्या दिवसांत आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐका.