लेकीसाठी पहिला मल्टिमीटर
ताई, लेकीला इलेक्ट्रॉनिक्ससाठी पहिलं मोजायचं उपकरण कोणतं घ्यावं, असं विचारलंत. ऑसिलोस्कोपच्या (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राच्या) भानगडीत आत्ता पडू नका, व्होल्टेज, करंट वगैरे मोजणारा साधा डिजिटल मल्टिमीटर पुरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारा पिवळा ८३० जातीचा मीटर स्वस्त असतो, पण त्यात रेंज (किती व्होल्टपर्यंत मोजायचं ती मर्यादा) हाताने निवडावी लागते आणि १० अँपिअरच्या जॅकला (वायर खुपसायच्या भोकाला) बहुधा फ्यूजच नसतो. लाल वायर चुकून तिथेच राहिली आणि पोर बॅटरीचं व्होल्टेज मोजायला गेली, की सरळ शॉर्ट. म्हणून थोडे जास्त पैसे घाला; ऑटोरेंजचा (रेंज आपोआप निवडणारा), दोन्ही करंट जॅकना फ्यूज असलेला घ्या. कंटिन्युइटीचा बझर हवाच, वायर अखंड असली की ‘पीं’ वाजतं आणि मुलांना त्याचा नादच लागतो. सुरुवात पेन्सिल सेलपासून करा: नवा सेल १.५ व्होल्टच्या जरा वर दाखवतो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला मात्र हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.