यीस्ट, बॅक्टेरिया आणि व्हायरस: कोणतं नैसर्गिक सप्लिमेंट नेमकं कुठे लागू पडतं?

तुम्ही विचारलंय की ओरेगॅनो तेल, लसूण, बर्बेरीन, कॅप्रिलिक ॲसिड, मोनोलॉरिन आणि ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क यांपैकी यीस्ट, बॅक्टेरिया आणि व्हायरस अशा तिन्हींवर सगळ्यात जालीम कोणतं, आणि सगळी एकदम घेतली तर चालतील का. एकदम घेऊ नका. आणि जालीम काय ते ठरवण्याआधी एक छोटा हिशोब करून बघा. बाटलीवरचे बहुतेक दावे या हिशोबात टिकत नाहीत.

ओरेगॅनो तेलातला मुख्य घटक कार्व्हाक्रॉल. तो पेशीच्या आवरणाला भोकं पाडतो, म्हणून प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत यीस्टही मरतं आणि बॅक्टेरियाही. कॅन्डिडा या यीस्टची वाढ थांबवायला तिथे मिलिलिटरला साधारण शंभर ते काही शे मायक्रोग्रॅम लागतो. आता कॅप्सूल घ्या: 150 मिग्रॅ तेल, त्यात 70 टक्के कार्व्हाक्रॉल, म्हणजे 105 मिग्रॅ. जठरातल्या पाव लिटर द्रवात मिसळला तर मिलिलिटरला 420 मायक्रोग्रॅम, म्हणजे पुरेसा. तोच शरीरातल्या 40 लिटर पाण्यात पसरला की उरतात जेमतेम अडीच. शिवाय यकृत त्याचं रूप बदलून तो लघवीवाटे बाहेर काढतं. त्यामुळे गिळलेलं ओरेगॅनो तेल घशाच्या, फुफ्फुसाच्या किंवा योनीमार्गाच्या संसर्गापर्यंत मारक प्रमाणात पोचेल अशी आशा धरू नका. पोचलंच तर जठर आणि लहान आतड्याचा वरचा भाग, बस. घ्यायचंच असेल तर पातळ केलेलं, कॅप्सूलमधलं आणि जेवणानंतर घ्या. शुद्ध तेलाचा थेंब जिभेवर टाकला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते. पुदिना, तुळस यांच्या कुळाची ॲलर्जी असेल तर, आणि गरोदरपणात, अजिबात नको.

म्हणून प्रत्येक गोष्टीला मी दोन प्रश्न लावतो: ती कुठपर्यंत पोचते, आणि माणसांवर तपासली गेली आहे का?

या कसोटीवर तुमच्या यादीत आतड्यासाठी सगळ्यात समजण्यासारखं आहे ते बर्बेरीन, म्हणजे दारुहळदीसारख्या झाडांतला पिवळा घटक. ते तोंडावाटे घेतलं तर एक टक्काही रक्तात जात नाही, जवळपास सगळं आतड्यातच राहतं. इतर ठिकाणी जो दोष ठरला असता तोच इथे फायदा होतो. 1987 साली बांगलादेशातल्या एका चाचणीत ई. कोलाय बॅक्टेरियाच्या विष सोडणाऱ्या जातीमुळे होणाऱ्या जुलाबांवर 400 मिग्रॅचा एकच डोस दिला, तेव्हा जुलाबाचं प्रमाण कमी झालं. हल्ली 500 मिग्रॅ दिवसातून दोन-तीनदा जेवणासोबत घेतात. सुरुवात एका कॅप्सूलने करा, नाहीतर पोटात मुरडा येतो किंवा उलट बद्धकोष्ठता होते. पण या यादीत औषधांशी सगळ्यात जास्त भांडण याचंच आहे. यकृतात औषधं मोडणारी काही एन्झाइम्स ते मंदावतं, त्यामुळे सायक्लोस्पोरिनसारख्या, प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी चढते, आणि मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्तच खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना व नवजात बाळांना ते पूर्ण वर्ज्य: बर्बेरीन बिलिरुबिनला (कावीळ करणाऱ्या पिवळ्या द्रव्याला) अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनापासून सोडवतं, आणि ते सुटं बिलिरुबिन बाळाच्या मेंदूला इजा करू शकतं.

लसणाची गंमत ॲलिसिन या जंतू मारणाऱ्या घटकात आहे, आणि अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसतंच. पाकळी ठेचली की ॲलिइन आणि ॲलिनेज हे एन्झाइम एकत्र येतात आणि तेव्हा ते तयार होतं. म्हणून ठेचून दहा मिनिटं ठेवायचं, मग खायचं. लगेच तापवलं तर एन्झाइम मरतं. जठरातलं आम्लही त्याला निकामी करतं, म्हणून पावडरची गोळी आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची हवी. लेबलवर ‘ॲलिसिन पोटेन्शियल’ लिहिलेलं असेल तर ती फक्त शक्यता समजा. प्रत्यक्ष किती सुटतं त्याचा आकडा शोधा. मुरवलेल्या लसणाच्या अर्कात ॲलिसिन जवळपास नसतं. सर्दीबाबत बहुतेक वेळा एकाच चाचणीचा दाखला मिळतो: 146 जण, 12 आठवडे, लसूण घेणाऱ्यांत 24 सर्द्या आणि दुसऱ्या गटात 65. आकडा छान आहे, पण एकाच चाचणीवर आणि लोकांनी स्वतः केलेल्या नोंदींवर मी भिस्त ठेवणार नाही. लसणाने रक्त गोठणं मंदावतं. वॉरफेरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सप्लिमेंट नको, शस्त्रक्रियेआधी किमान आठवडाभर बंद. एचआयव्हीवरच्या साक्विनाविरची रक्तातली पातळी लसणाच्या गोळ्यांनी निम्म्यावर आलेली दिसली आहे. आणि कृपा करून पाकळी योनीत किंवा त्वचेवर बांधून ठेवू नका. रासायनिक भाजणं होतं ते.

कॅप्रिलिक ॲसिड हे खोबरेल तेलातलं एक फॅटी ॲसिड यीस्टवर चालतं ते बशीत. पोटात गेल्यावर ते लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, थेट यकृताकडे जातं आणि इंधन म्हणून जळतं. मोठ्या आतड्यापर्यंत फारसं उरत नाही. मोनोलॉरिन हा त्याचाच लांबचा भाऊ. ज्या व्हायरसला बाहेरून चरबीचं आवरण असतं त्यांचं आवरण तो विरघळवतो, पण उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरससारख्यांना ते आवरणच नसतं. शिवाय चरबी पचवणारी आपली एन्झाइम्स मोनोलॉरिन फोडून टाकतात. व्हायरसवर माणसांत तो कामाला येतो असं म्हणायला मला आधार दिसत नाही.

ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क मात्र टाळाच. 1999 साली सहा उत्पादनं तपासली गेली. जंतू मारणारी जी पाच निघाली त्यांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडलं. ज्या एकात असं काही मिसळलेलं नव्हतं, त्याने काहीच मारलं नाही. कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण मिसळलेलं पाणी, तेही नको; त्वचा कायमची निळसर-करडी होऊ शकते.

तुमच्या यादीत नसलेल्या काही गोष्टी जास्त उपयोगी आहेत. सर्दीत झिंकच्या चघळायच्या गोळ्या, ॲसिटेट किंवा ग्लुकोनेट, पहिल्या 24 तासांत सुरू करून दिवसाला एकूण 75 मिग्रॅच्या वर, फक्त काही दिवस. सर्दी थोडी लवकर आटपू शकते, पुरावा कच्चा आहे आणि मळमळ होते. महिनोन्‌महिने घेतलं तर तांबं कमी पडतं. नाकात मारायचं झिंक कधीच नको, वास जातो. वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या बायकांना क्रॅनबेरीचा प्रतिबंधासाठी उपयोग होतो (दिवसाला 36 मिग्रॅ प्रोअँथोसायनिडिन, म्हणजे तिच्यातला मुख्य घटक, असलेली बघा), पण झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही. लघवीच्या संसर्गासाठी डी-मॅनोज या साखरेचं नाव खूप होतं, पण 598 बायकांवरच्या 2024 च्या ब्रिटिश चाचणीत ते साध्या साखरेपेक्षा सरस ठरलं नाही.

आणि निदान आधी. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे यीस्टच असं नाही. बॅक्टेरियामुळेही जातं आणि त्याचं औषध वेगळं. सकाळी पाण्यात थुंकून बघायच्या ‘कॅन्डिडा चाचणी’ला काही अर्थ नाही. सप्लिमेंट सुरू केल्यावर डोकं दुखलं, जुलाब झाले तर ‘जंतू मरतायत’ म्हणून डोस वाढवू नका. बहुतेक वेळा तो त्या सप्लिमेंटचाच त्रास असतो. लघवीच्या जळजळीसोबत ताप किंवा पाठीत कळ, गिळताना दुखणं, शौचात रक्त, गरोदरपण, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असणं, यांपैकी एक जरी असेल तरी घरी प्रयोग नकोत.

एकत्र घेण्याबद्दल: एका वेळी एकच, जास्तीत जास्त चार आठवडे, म्हणजे गुण कशाने आला आणि पुरळ कशाने उठलं ते कळतं. अँटिबायोटिकने होणाऱ्या जुलाबांसाठी सॅकरोमायसिस बोलार्डी चांगलं, कारण ते स्वतः यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही. त्याच कारणाने ते ओरेगॅनोसोबत किंवा बुरशी मारणाऱ्या गोळ्यांसोबत घेतलं तर फुकट जातं, आणि मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला तर ते देऊच नये. त्यांच्या रक्तात हेच यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत.