पोराला जाण नाही म्हणता, पण त्याला हिशोब कुठे माहीत आहे?

पत्र (थोडक्यात): आर्णी तालुक्यातल्या एका गावात आमची चार एकर कोरडवाहू शेती आहे. तीन एकर पराटी (कापूस), बाकी तूर. मागच्या हंगामात 16 क्विंटल कापूस झाला, खेडा खरेदीत (व्यापारी गावात येऊन घेतो त्यात) 7,000 भावाने दिला. मोठा मुलगा 16 वर्षांचा, अकरावीला तालुक्याला जातो. दहावी झाली म्हणून पुण्याच्या मामाने त्याला 5,000 रुपये दिले. आठ दिवसांत बूट, हॉटेल आणि मोबाइलच्या गेममध्ये गेले. मी बोलले तर म्हणतो, "तुम्ही काय केलं माझ्यासाठी?" आता मोटारसायकल पाहिजे, हप्त्यावर घेऊ म्हणतो. मुलगी 11 वर्षांची, ती समजूतदार आहे. तान्ह्या पोळ्याला (लेकरांच्या पोळ्याला) तिला 340 रुपये बोजारा, म्हणजे लेकरांना त्या दिवशी देतात ते पैसे, मिळाला, तो मीच किराण्याला वापरला, ती काही बोलली नाही. यांचं म्हणणं, लेकरांना घरचा हिशोब दाखवू नये, डोकं फिरते. मुलाला पैशाची आणि माणसांची जाण कशी येईल?

उत्तर:

ताई, मुलाच्या त्या वाक्याला उत्तर देऊ नका. "आम्ही उन्हातान्हात राबलो, पोटाला चिमटा घेतला" हे त्याने शंभरदा ऐकलं असेल. खरं असलं तरी ते ऐकून सोळा वर्षांच्या पोराची मान खाली जाते आणि राग वर येतो, जाण येत नाही. त्याचा प्रश्न जशाच्या तसा घ्या: काय केलं, किती केलं, कुठून केलं. हे त्याला खरंच माहीत नाही. धान्याची कोठी आणि पैशाची पेटी यांच्यामध्ये काय घडतं ते तुम्ही दोघांनी त्याच्यापासून झाकून ठेवलंय, प्रेमापोटीच, पण झाकलंय.

म्हणून पहिलं काम वहीचं. दोनशे पानी साधी वही घ्या आणि ती मुलाच्या हातात द्या; अक्षर त्याचं असू द्या. डाव्या पानावर आलेले पैसे: 16 क्विंटल गुणिले 7,000, म्हणजे 1,12,000. तुरीचे वेगळे. पीएम किसानचे वर्षाला तीन वेळा 2,000. उजव्या पानावर गेलेले. इथे अंदाज नको, बिलं काढा. 2025 च्या हंगामात बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत 901 रुपये होती, एकरी दोन धरली तर तीन एकराला 5,406. डीएपी खताची 50 किलोची गोणी 1,350 ची, युरियाची 45 किलोची 266.50 ची, किती गोण्या टाकल्या ते बाबांना विचारून त्यानेच लिहावं. मग डवरणी, निंदण, फवारणीचं औषध, वाहतूक. वेचणी किलोला 10 रुपयांनी धरली तर 16 क्विंटलची वेचणीच 16,000 होते. बहुतेक घरांत लोक इथेच फसतात: वेचणीची मजुरी आठवड्याच्या आठवड्याला थोडी थोडी जाते, तिचं बिल नसतं, म्हणून ती हिशोबात धरलीच जात नाही आणि वर्षाच्या शेवटी "पैसे गेले कुठे?" असं होतं. पोरानेच हा आकडा शोधून काढला तर त्याला जे कळेल ते तुमच्या दहा भाषणांनी कळणार नाही.

"किरकोळ" हा शब्द वहीत लिहायचा नाही. बाबांचा खर्रा (तंबाखू-सुपारी) असो की तुमच्या बांगड्या, जे आहे ते नावाने. दिवसाला 20 रुपयांचा खर्रा वर्षाला 7,300 होतो, हा गुणाकार पोरगा नक्की करील आणि बापाकडे बघील. त्याची तयारी ठेवा. यजमानांचा हिशोब दाखवायला विरोध आहे, त्यामागे हेही एक कारण असू शकतं. त्यांना मोकळेपणाने विचारा.

त्यांची दुसरी भीती मात्र रास्त आहे. आपल्या भागात कर्ज या शब्दाबरोबर लेकरांच्या मनात काय काय येतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून कर्जाचा आकडा एकटा दाखवायचा नाही. किती आहे, कोणाचं आहे आणि ते फेडायचं काय ठरलंय, हे तिन्ही एकाच बैठकीत. "तुझ्या शिक्षणापायी काढलं" हे वाक्य त्या घरात उच्चारायचंच नाही. कर्ज शेतीचं आहे, पोराचं नाही. बँकेचं 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत भरलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे त्यावर व्याज पडत नाही, हे त्याला सांगा, म्हणजे चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आल्या आल्या घरात आधी बँकेचं का बघतात ते कळेल. गावात "शेकडा तीन"ने पैसे मिळतात. ऐकायला तीन टक्के वाटतं. ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाचे 36. हा गुणाकार त्याच्या हातून करून घ्या. आयुष्यभर कामी येईल.

आता वेचणी. सध्या पराटी फुटलेली आहे. कॉलेज न बुडवता एका रविवारी त्याला वेचायला न्या, मजूर बायांच्या ओळीत. शिक्षा म्हणून नाही, तसं म्हटलं तर तो दिवस वाया गेला समजा. बायांना जो दर तोच त्याला, संध्याकाळी काट्यावर वजन आणि रोख पैसे. नवख्या हाताने 20 किलोही मुश्किलीने होतात. सराईत बाई 50 वेचते. त्याला 150-200 रुपये मिळतील. "पोरगा आहे, पाचशे दे" असं करू नका, मजा तिथेच संपते. त्याचं वजन वाढवायला तो सकाळी दवातच सुरू करील किंवा कवडी (किडका कापूस), पत्ती, काडीकचरा सगळं ओटीत भरील. करू द्या, मग सांगा की सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर 8 टक्क्यांच्या वर ओलावा गेला की भाव कापतात आणि 12 च्या वर गेला तर माल घेतच नाहीत. लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 च्या हंगामातला हमीभाव 8,110 होता. तुमचा गेल्या वर्षी 7,000 ला का गेला, हेही त्याच ओघात बोलता येईल. खेडा खरेदीत रोख लगेच मिळते, केंद्रावर नोंदणी, कागदपत्रं आणि थांबणं आलं. यंदा नोंदणीचं काम मोबाइल चालवणाऱ्या पोराकडे द्या. त्याच्या हातचं काम आहे ते, आणि घराला त्याचा खरा उपयोग होतो.

मग त्याला त्याच्या 5,000 चा हिशोब आपोआप लागतो: 50 किलो वेचणाऱ्या बाईचे दहा दिवस. हे तुम्ही बोलून दाखवू नका. तो बोलला तर ठीक, नाही बोलला तरी ठीक.

आठवड्याच्या मजुरीचं वाटप त्याच्या हाताने करून घ्या. प्रत्येक बाईचं नाव, किलो, पैसे त्याने आदल्या रात्री लिहायचे आणि बाजाराच्या दिवशी सकाळी "काकू, हे तुमचे" म्हणून नोटा मोजून द्यायच्या. चुकलं तर बाई तिथेच सांगते, बाया हिशोबात पक्क्या असतात. आपल्याकडे तोंडाने "धन्यवाद" म्हणायची फारशी रीत नाही आणि पोराकडून तो शब्द वदवून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तुपाने शेकून त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात; बैलाला कोणी भाषण देत नाही. ज्या खांद्यावर जू होतं तो नेमका खांदा शेकतात. माणसांचंही तसंच. ज्याच्या हाताने आपलं काम झालं त्याचे पैसे वेळेवर, पूर्ण आणि नावाने हाक मारून देणं, ही जाणच आहे.

मामांचं राहिलं. त्याने मामांना फोन करून पैसे कशात गेले ते खरं सांगावं, गेमसकट. मामा रागावतील किंवा हसतील. तुम्ही आधी फोन करून मामांना पढवू नका. आणि घरात आहेराची वही असेल तर ती त्याला एकदा वाचायला द्या. कोणी 101 दिले, कोणी पातळ दिलं, कोणाला परत काय गेलं, हे वाचल्यावर भेट म्हणजे फुकट आलेला पैसा नव्हे, हे कळायला सोपं जातं.

गेमची चौकशी नीट करा. बूट आणि हॉटेल हे वयाचं आहे, पण पैसे लावून खेळायचा गेम असेल तर वेगळं प्रकरण आहे. असे पैशांचे ऑनलाइन गेम 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंद केले आहेत, तरी लिंका फिरत राहतात. बाबांच्या फोनवरचं यूपीआय तो वापरत असेल तर पिन बदला आणि महिन्याचं बँक स्टेटमेंट त्याच्यासोबत बसून वाचा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. कोणी टाकायला सांगितला तर तो चोर. फसवणूक झालीच तर घरचे रागावतील म्हणून लपवायचं नाही, लगेच 1930 ला फोन, कारण जितका उशीर तितके पैसे पुढे निघून जातात.

खर्चाला पैसे द्यायचे म्हणजे शहरातल्यासारखे दर महिन्याला ठरावीक, असा सल्ला तुम्हाला मिळेल. पगाराच्या घरात तो चालतो. तुमच्या घरी पैसा दिवाळी ते संक्रांत येतो आणि जून-जुलैत नुसता जातो. पोराला हेच शिकायचंय: आलेला पैसा लांबवायचा. आधी चार आठवडे दर बाजाराच्या दिवशी 200 रुपये द्या. त्यात चहा-नाश्ता, झेरॉक्स, केस कापणं आणि रिचार्ज. एसटीचा पास, वह्या-पुस्तकं आणि फी घराकडे. हे जमलं की महिन्याचे 800 एकदम. तेही जमलं की चुकारा आल्यावर 13 आठवड्यांचे 2,600 एका हाती. नवव्या आठवड्यात पैसे संपतील. जवळजवळ सगळ्यांचे संपतात. तेव्हा तुम्ही पदराच्या गाठीतून गुपचूप 100 काढून द्याल, आणि सगळी मेहनत तिथेच गेली. एकदाच उचल द्या, वहीत लिहून, पुढच्या रकमेतून कापून. त्या चार आठवड्यांत पायी फिरला, मित्रांच्या चहाला नाही म्हणाला, तर काही बिघडत नाही.

याच्या जोडीला महिनाभर आठवडी बाजार त्याच्याकडे द्या: घरच्या चौघांचा भाजीपाला, 500 रुपये, यादी तुमची. पहिल्या बाजारात तो दुपारीच पहिल्या भावाने सगळं घेईल आणि भज्यांत 40 घालवील. दुसऱ्या वेळी त्याला दिसेल की संध्याकाळी भाव उतरतो, पण माल चिमलेला असतो. उरले त्यातले अर्धे त्याचे. कमी पडले तर भरून द्यायचे नाहीत, त्या आठवड्यात घरात बेसन जास्त होईल, एवढंच.

मोटारसायकलवर फार बोलायला नको. 18 पूर्ण व्हायच्या आधी गिअरची गाडी चालवायचा परवानाच मिळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्यात पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि मुलाला 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. पण हप्त्याचं गणित आत्ताच शिकवा, दोन वर्षांनी तो शोरूमला जाणारच आहे. 1 लाखाचं कर्ज, "फक्त 10 टक्के", तीन वर्षं, हप्ता 3,611. याला फ्लॅट दर म्हणतात; इथे व्याज पूर्ण लाखावर तीनही वर्षं लावलेलं असतं, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. एकूण 1,30,000 जातात. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हा दर 18 टक्क्यांच्या आसपास निघतो. खरा 10 टक्के असता तर हप्ता 3,227 बसला असता. "फ्लॅट की घटत्या दराने?" एवढा एक प्रश्न विचारायला त्याला शिकवा.

बचतीसाठी दोघांनाही पोस्टात आवर्ती ठेव उघडून द्या. 10 वर्षांवरचं मूल स्वतःच्या नावाने उघडू शकतं, महिन्याला किमान 100 रुपये, मुदत पाच वर्षं. 6.7 टक्के दराने 60 हप्त्यांचे 6,000 भरून सुमारे 7,136 मिळतात. खोडा एवढाच की हप्ता चुकला तर 100 मागे 1 रुपया दंड, आणि चार चुकले की खातं बंद पडतं, मग दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं. शेतकऱ्याच्या घरी पावसाळ्यात नेमकं हेच होतं. उपाय सोपा आहे: हप्ते आगाऊ भरता येतात, सहा किंवा जास्त एकदम भरले तर थोडी सूटही मिळते. चुकारा आला की बारा महिन्यांचे 1,200 भरून मोकळं व्हायचं. मुलाला बँकेचं बचत खातंही स्वतःच्या सहीने चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने 10 वर्षांवरच्यांना ती मुभा दिली आहे. किती रकमेपर्यंत, ते तुमची शाखा सांगेल.

मुलीचं तुम्ही ओझरतं लिहिलंत, मला मात्र पत्रातली तीच ओळ सगळ्यात जड वाटली. ती समजूतदार आहे म्हणून गप्प बसली असं नाही. लहानाचा पैसा हा पैसाच नसतो, असं ती शिकली, आणि भाऊही बाजूला बसून तेच शिकला. घरात अडचण असेल तर लेकराचे पैसे जरूर घ्या, पण उसने म्हणून, विचारून, तारीख टाकून. त्या नव्या वहीच्या उजव्या पानावर पहिली नोंद तिचीच करा: बोजाऱ्याचे 340, देणे. येत्या बाजाराच्या दिवशी भाजी घेण्याआधी ते तिच्या हातात मोजून द्या, मुलासमोर, आणि वहीतली ओळ तिलाच खोडू द्या.