वाचक विचारतात: अंगाच्या दिशा आणि रिपोर्टची भाषा

प्रश्न : केळीचा घड खांद्यावर घेऊन बांधावरून येताना वडील घसरले, डाव्या तळव्यावर पडले. रिपोर्टात ‘डिस्टल एंड रेडियस फ्रॅक्चर, डॉर्सल डिस्प्लेसमेंट’ लिहिलंय. ते म्हणतात आतलं हाड मोडलं, डॉक्टर म्हणतात बाहेरचं. खरं काय? (वाचक, रावेर तालुका)

उत्तर : डॉक्टरांचं बरोबर, आणि वडीलही खोटं बोलत नाहीत. हात मांडीवर पालथा ठेवला की अंगठा आतल्या बाजूला येतो. वैद्यकात मात्र माणूस बसला असो वा झोपलेला, वर्णन एकाच ठरलेल्या स्थितीतून करतात : ताठ उभा, तोंड समोर, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर, अंगठे बाहेर. म्हणून अंगठ्याकडचं रेडियस कायम बाहेरचं, करंगळीकडचं अल्ना आतलं.

‘डिस्टल’ म्हणजे धडापासून लांबचं टोक, इथे मनगटाजवळचं; कोपराकडचं ते ‘प्रॉक्सिमल’. ‘डॉर्सल’ म्हणजे मोडलेला तुकडा हाताच्या पाठीकडे सरकलाय. अशा वेळी मनगट बाजूने पाहिलं तर जेवणाच्या काट्यासारखा बाक दिसतो. आयरिश सर्जन अब्राहम कॉलिस यांनी 1814 मध्ये या मोडीचं वर्णन केलं, म्हणून तिला ‘कॉलिस फ्रॅक्चर’ म्हणतात. प्लास्टरनंतर बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा कळ वाढतच गेली, तर दिलेल्या तारखेपर्यंत थांबू नका.

जाता जाता : आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत, ‘पाय’ कमरेपासून अंगठ्यापर्यंत. दवाखान्यात दंड, कोपर, मनगट, मांडी, नडगी, घोटा असं नेमकं सांगा.

प्रश्न : आजी ‘पोट दुखस’ एवढंच सांगते. फोनवर डॉक्टर ‘नेमकं कुठे?’ विचारतात. कसं सांगावं? (वाचक, शिरपूर)

उत्तर : आजीला एकाच बोटाने जागा दाखवायला सांगा. मग बेंबीपासून किती बोटं आणि कुठल्या दिशेला, ते मोजा. घोटाळा इथेच होतो. तुम्ही समोर बसलेले, म्हणून तुमची उजवी ती आजीची डावी. डावं-उजवं नेहमी रुग्णाचं धरायचं. आजी खाटेवर आडवी असली तरी ‘वर’ म्हणजे डोक्याकडे, छताकडे नव्हे.

डॉक्टर पोटाचे नऊ चौकोन पाडतात, दोन उभ्या नि दोन आडव्या रेषांनी. वरची रांग बरगड्यांखालची, मधली बेंबीची आणि दोन्ही कुशींची, खालची ओटीपोटाची आणि दोन्ही जांघांवरची. उजव्या कमरेच्या हाडाचं पुढे लागणारं टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेषा मनात काढा. टोकाकडून एक तृतीयांश अंतरावर बोट टेकलं की कळ येत असेल तर अपेंडिक्सचा संशय घेतात; मात्र दुखणं अनेकदा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी तिथे सरकतं. म्हणून ‘आधी कुठे, आता कुठे’ हेही सांगा.

छातीच्या खळीत दुखतंय, दरदरून घाम, धाप आहे, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. हृदयाचं दुखणंही तिथेच जाणवतं. 108 ला फोन लावा.

प्रश्न : छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसतं. फिल्म उलटी आहे का? (वाचक, नंदुरबार)

उत्तर : फिल्म पाहताना रुग्ण तुमच्यासमोर तोंड करून उभा आहे असं धरतात, म्हणजे त्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. कोपऱ्यातलं ‘आर’ किंवा ‘एल’ हे अक्षर आधी शोधा. तेच उलटं वाचलं जात असेल, तर फिल्म मागून धरलीय.