घडीचे चाकू आणि पावसाळा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: बाबा मर्चंट नेव्हीत होते, बंदराबंदरावरून घेतलेले त्यांचे बरेच घडीचे चाकू आमच्याकडे आहेत, काही स्विस, काही जर्मन. सगळे चामड्याच्या कव्हरात घालून, वर पेपर गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेत. पात्यावर स्टेनलेस लिहिलंय तरी सांध्यापाशी तांबडे ठिपके दिसतायत, असं कसं? (रत्नागिरी)

उत्तर: आधी ते चामड्यातून बाहेर काढा, आजच काढा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. चामडं हवेतला ओलावा ओढून धरतं, शिवाय ते कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार त्यात राहिलेले असतात, म्हणजे चाकू महिनोन्महिने दमट कापडात गुंडाळून ठेवल्यातलाच प्रकार. पेपरही तसाच ओल धरतो. कव्हर फेकू नका, ती बाबांची आठवण आहे, पण वेगळी ठेवा.

आता स्टेनलेसचं. त्या पोलादातलं क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून पात्यावर अगदी पातळ थर तयार करतं आणि तो थर गंज अडवतो, ओरखडा पडला तरी हवा लागली की परत भरून येतो. खारं वारं नि हाताचा घाम यांच्यातलं मीठ हा थर फोडतं. उघड्या पात्यावर तो सावरतो पण सांध्याच्या फटीत, स्प्रिंगच्या खाली हवा पोचतच नाही, तिथे मीठ आणि ओल अडकून बसते म्हणून गंज नेमका तिथूनच सुरू होतो. वरून चकचकीत दिसणारा चाकू आतून खराब झालेला असतो तो असा.

ज्यांची मूठ प्लास्टिकची किंवा धातूची आहे ते कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा थेंब टाकून पाण्यातच दहा-बारा वेळा उघड-बंद करा, जुन्या टूथब्रशने आत घासा. खिशात कापडाचे धागे, तंबाखू, वाळू काय काय साठलेलं असतं ते निघेल. मग साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि सगळी पाती उघडी ठेवून पंख्याखाली चांगले काही तास वाळू द्या. घाई इथे करू नका, आत ओल राहिली तर धुतल्याचा तोटाच. लाकूड, हाड, शिंग अशा मुठी मात्र पाण्यात बुडवायच्या नाहीत, फुगतात आणि वाळताना तडकतात, तिथे टूथपिक आणि ओलसर कापूस एवढंच.

तांबड्या ठिपक्यांवर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा, सकाळी तांब्याच्या जुन्या नाण्याच्या कडेने हळू घासा, तांबं पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर नको म्हणजे नकोच! गंज जाईल पण पातं करडं पडेल आणि कंपनीचं नाव पुसट होईल.

ठेवायला हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), आणि शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा 50 टक्क्यांच्या आत राहिला की बरं. जेलचा रंग बदलला की ते तापवून परत वापरता येतं. डब्यात फोम घालू नका, आपल्या हवेत तो काही वर्षांत चिकट होऊन पात्याला धरतो, जुनं धुतलेलं सुती कापड बरं.

आणि कोणाला दाखवायला काढलेत तर परत ठेवण्याआधी प्रत्येक पातं पुसायचंच, बोटाच्या ठशातलं मीठ पुरतं गंजायला.

प्रश्न: तेल कुठलं लावू? घरात खोबरेल आहे, मित्र म्हणतो गंज काढायचा स्प्रेच मार. (ठाणे)

उत्तर: खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि जुनं झालं की खवट होऊन सांध्यात चिकट राळ बसते, मोहरीचं तेलही तसंच. मेडिकलमध्ये बद्धकोष्ठावर द्यायचं लिक्विड पॅराफिन मिळतं, ते आणा. त्याला वास नाही, खराब होत नाही आणि त्या चाकूने नंतर सफरचंद कापलंत तरी काळजी नाही. फळं कापायची नसतील तर शिलाई मशीनचं तेलही उत्तम. सांध्यात एक थेंब, उघड-बंद करायचं, जास्तीचं पुसून टाकायचं, ओघळ दिसला म्हणजे जास्त झालं आणि त्यावर धूळ बसणार. स्प्रे पाणी बाहेर काढायला चांगला पण त्याचा बराचसा भाग उडून जातो, म्हणून वर्षभराच्या रखवालीला तो पुरत नाही, मारलात तर नंतर तेल लावाच.

प्रश्न: फ्रेंच ओपिनेल चाकू घेतला, जूनपासून उघडतच नाही. आणि कैरी कापल्यावर पातं काळं झालं. बिघडलाय का? (सावंतवाडी)

उत्तर: नाही हो, तो असाच असतो. ओपिनेल 1890 पासून फ्रान्सच्या साव्हुआ भागात बनतोय, नेहमीची मूठ बीच लाकडाची, ती दमट हवेत फुगते आणि पातं आवळून धरते. कोरड्या खोलीत काही दिवस ठेवा, सैल होईल, उन्हात किंवा गॅसजवळ नको. कानशीने फट मोठी करायचा मोह होईल, करू नका, हिवाळ्यात पातं लटलटेल. काळेपणाचं म्हणाल तर तुमचं पातं कार्बन पोलादाचं, म्हणजे स्टेनलेस नसलेलं दिसतंय आणि कैरीतली आम्लं नि टॅनिन त्याला असा रंग देतात. करडा, निळसर, काळा रंग राहू द्या, मला तर तो आवडतो आणि पात्याला थोडं संरक्षणही देतो. तांबडं काही दिसलं तरच काढायचं.

प्रश्न: एका जुन्या अमेरिकन चाकूची मोत्यासारखी चमकणारी मूठ आतून जाळी पडल्यासारखी तडकलीय, आणि शेजारी ठेवलेले तीन चाकू अचानक गंजले. (पुणे)

उत्तर: मूठ बहुतेक सेल्युलॉइडची, म्हणजे एका जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची आहे. ते जुनं होऊन विघटू लागलं की त्यातून नायट्रोजनच्या आम्लांची वाफ निघते आणि बंद डब्यात ती आसपासच्या सगळ्या पोलादाला खाते. यावर उपाय नाही, सुरू झालेलं थांबवता येत नाही. तो चाकू लगेच वेगळा करा, हवा खेळेल अशा जागी ठेवा, आणि दिवा-उदबत्तीपासून लांब कारण सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. वाईट वाटेल, पण बाकीचे वाचवायचे तर हे करायलाच हवं.

प्रश्न: गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडून सगळ्यांना एकदम धार लावून घेऊ का? आणि एखादा खिशात ठेवला तर चालेल ना? (नाशिक)

उत्तर: विळीला, स्वयंपाकाच्या सुरीला जरूर घ्या, या चाकूंना नको. फिरत्या चाकावर पातळ टोक क्षणात तापतं, कडेला निळसर झाक आली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग धार टिकत नाही. जे वापरता तेवढेच पाण्याने भिजवून वापरायच्या धारेच्या दगडावर हाताने लावा, न वापरलेल्या जुन्या चाकूची मूळ धार अजिबात हलवू नका.

खिशात ठेवण्याबद्दल, सण-निवडणुकांच्या आसपास महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकू बाळगणंही येतं, तेव्हा घरी राहू दे. विमानात हँडबॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात नीट गुंडाळून टाका.