नॉर्वेमध्ये बॅट-बॉलचा पारंपरिक मैदानी खेळ कोणता आणि तो कसा खेळतात?

स्लोबॉल. मोकळं मैदान, एक बॅट आणि टेनिसचा चेंडू एवढ्यावर भागतं. स्टम्प वगैरे काही नाही.

दोन संघ असतात, एक 'आतला' आणि एक 'बाहेरचा'. आतल्या संघातला एकेक गडी चेंडू टोलवतो आणि मैदानाच्या पलीकडच्या रेषेकडे धूम ठोकतो. रेषा ओलांडली की तो सुरक्षित. मग संधी साधून परत यायचं. टोला फुसका बसला तर लगेच पळायची सक्ती नाही, पुढच्याच्या टोल्यावर पळता येतं. खरी मजा मात्र मधल्या पट्ट्यात! तिथे सापडलात की बाहेरचे गडी चेंडू फेकून मारणार, अगदी आबाधुबीसारखा. नेम बसला की संघांची अदलाबदल. हवेतला झेल घेतला तर फायदा बाहेरच्यांना. बारीक नियम गावोगावी बदलतात, म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या. आणि सीझन बॉल चुकूनही नको.

चेंडूचा मार नको असेल तर ब्रेनबॉल खेळा. त्यात चार बेस, म्हणजे पळताना थांबायच्या सुरक्षित जागा, असतात. चेंडू ठरलेल्या जागी परत पोहोचला की तिथला गडी 'ब्रेंट!' ओरडतो आणि त्या क्षणी दोन बेसच्या मध्ये अडकलेला बाद.