दाढेचं रूट कॅनॉल: खर्च कशाचा, धोका कुठे?

या खेपेला रूट कॅनॉलवर, म्हणजे दाताच्या मुळातली सुजलेली किंवा मेलेली नस काढून तिच्या नळ्या साफ करून बंद करण्यावर, बरीच पत्रं आली. त्यातली पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न: खालची उजवी दाढ चहा प्यायलो की ठणकते, रात्री आडवं झालं की जास्तच. गार पाण्याची चूळ धरली की जरा बरं वाटतं. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून पाच दिवस घेतलं, फरक नाही. सिडकोतल्या दवाखान्यात रूट कॅनॉलचे ३,५०० रुपये सांगितले, गंगापूर रोडला ९,०००. एवढा फरक कशाचा? त्यापेक्षा दाढ काढूनच टाकली तर?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: थंड लागून क्षणभर कळ येते आणि जाते, तेव्हा नस अजून सावरू शकते. कीड काढून सिमेंट भरलं की भागतं. तुमचं तसं नाही. गरमानं उठलेला ठणका टिकतो, रात्री वाढतो आणि गारव्यानं उतरतो, याचा अर्थ नस आतून सुजली आहे. दाताच्या कडक भिंतींत सुजेला पसरायला जागा नसते, म्हणून नस आतल्या आत दबून मरते. अँटिबायोटिकचा उपयोग झाला नाही यात नवल नाही. औषध रक्तातून पोचतं आणि मरत चाललेल्या नसेपर्यंत रक्तच पोचत नाही. एखाद्या दिवशी ठणका अचानक थांबेल, तेव्हा दाढ बरी झाली असं समजू नका. नस मेलेली असेल आणि जंतू मुळाच्या टोकाकडे निघालेले असतील. गालावर सूज किंवा ताप आला, तोंड उघडेना, तर अँटिबायोटिक लागतं, तेही डॉक्टरांनी लिहून दिलेलं.

आता पैशांचं. दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारा: या आकड्यात काय काय धरलंय? एक्स-रे, सगळ्या भेटी, नळ्या भरल्यावर दाढ पुन्हा उभारण्याचं सिमेंट आणि कॅप. सिडकोच्या आकड्यात कॅप आणि सिमेंट नसेल तर मेटल-सिरॅमिक कॅपचे तीन ते पाच हजार आणि सिमेंटचे हजार-दीड हजार मिळवा. बेरीज साडेसात ते दहा हजारांवर जाते. गंगापूर रोडचे ९,००० सगळं धरून असतील तर तेच स्वस्त ठरू शकतं. उरलेला फरक पडतो तो डॉक्टर या विषयातले एमडीएस (पदव्युत्तर शिकलेले दंततज्ज्ञ) आहेत का, सूक्ष्मदर्शक वापरतात का, आणि नळ्या घासायच्या बारीक फाइली किती वेळा वापरून टाकून देतात यानं. खालच्या पहिल्या दाढेत सहसा तीन नळ्या असतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी असते बहुतेक वेळा, पण इतकी बारीक की शोधायला वेळ द्यावा लागतो. ती सुटली की दोन वर्षांनी दाढ पुन्हा दुखते.

आमचं स्पष्ट मत विचाराल तर लेझरच्या जाहिरातीला भुलू नका, ‘रबर डॅम लावता का’ एवढं विचारा. दाताभोवती ताणून बसवलेला तो रबरी पडदा असला की लाळेतले जंतू नळीत शिरत नाहीत आणि बारीक फाइल निसटून घशात जात नाही.

खर्च झेपत नसेल तर पंचवटीतलं केबीएच डेंटल कॉलेज आहे. तिथे शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. कॉलेजात पैसे कमी लागतात, फेऱ्या मात्र जास्त होतात. साध्या आरोग्य विम्यात हा खर्च सहसा बसत नाही.

दाढ काढणं आज स्वस्त, हे खरं. पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलतात, वरची दाढ खाली उतरते. मग ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दात, करायचा तर दोन्ही बाजूंचे चांगले दात घासावे लागतात आणि तीन कॅपांचे पैसे पडतात. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात, त्याहून महाग. दाढ हिरडीखालपर्यंत फुटली असेल किंवा खिळखिळी झाली असेल तरच काढा.

प्रश्न: दुसऱ्या भेटीनंतर दोन दिवस दाढ दुखतेय. डॉक्टर म्हणाले, ‘फाइलचा तुकडा आत राहिलाय, काळजी करू नका.’ काळजी करू नको तर काय करू?
– एक वाचक, सातपूर

उत्तर: आधी फाइल म्हणजे काय ते बघा. टाचणीएवढी कानस, १० नंबरच्या फाइलचं टोक ०.१० मिलिमीटर, म्हणजे केसाएवढं. तिच्यावर एक रबरी चकती सरकवलेली असते. अॅपेक्स लोकेटर नावाचं यंत्र आणि एक्स-रे यांवरून नळीची लांबी ठरवतात, चकती तिथे आणतात आणि मुळाच्या टोकाच्या अर्धा ते एक मिलिमीटर अलीकडे थांबतात. पुढे गेलं तर घाण हाडात ढकलली जाते, फार अलीकडे थांबलं तर जंतू तिथेच राहतात. मधेमधे सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाच्या पाण्यानं नळी धुतात. खरी स्वच्छता हे पाणीच करतं. फाइल त्याला फक्त वाट करून देते. शेवटी गटापर्चा नावाचा रबरासारखा पदार्थ आणि फटी बुजवणारा सीलर भरून नळी बंद करतात.

मशीनवर फिरणारी निकेल-टायटॅनियमची फाइल वाकड्या नळीत गरगरून थकते आणि कसलीही पूर्वसूचना न देता तुटते. चांगल्या हातूनही हे घडतं. धातूचा तुकडा स्वतः शरीराला त्रास देत नाही. प्रश्न असतो त्याच्या पलीकडच्या भागाचा. तेव्हा विचारा: तुकडा कोणत्या नळीत, टोकापासून किती अंतरावर, आणि तुटला तेव्हा नळी कितपत साफ झाली होती? शेवटी शेवटी तुटला असेल तर तो तसाच ठेवून वरून भरतात आणि दाढ चांगली टिकते. सुरुवातीलाच तुटला आणि मुळाशी पू असेल तर सूक्ष्मदर्शक असलेल्या एमडीएस डॉक्टरांकडे पाठवायला सांगा. एक्स-रेची प्रत घ्या, कागदावर नोंद करून घ्या, सहा महिन्यांनी आणि वर्षानं पुन्हा एक्स-रे काढा.

दोन-तीन दिवस चावताना दुखणं अपेक्षित असतं. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळताना त्रास झाला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न: आई ६४ वर्षांची, मधुमेह आहे, अॅस्पिरिन चालू आहे. नातेवाईक म्हणतात, मेलेला दात तोंडात ठेवला की हृदयविकार आणि कॅन्सर होतो.
– एक वाचक, ओझर

उत्तर: या भीतीला शंभर वर्षं झाली. १९१० मध्ये विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरांनी मॉन्ट्रियलच्या व्याख्यानात दातांतल्या जंतूंना शरीरभरच्या रोगांचं मूळ ठरवलं, पुढे अमेरिकेत वेस्टन प्राइस यांनी सशांवर प्रयोग करून तेच मांडलं. लोकांचे चांगले दात ढिगानं उपटले गेले. नंतरच्या काटेकोर प्रयोगांत ते निष्कर्ष टिकले नाहीत. रूट कॅनॉलनं कॅन्सर होतो याला पुरावा नाही. मुळाशी पू साठवून बसणं मात्र मधुमेहात खरंच घातक आहे, कारण त्यानं साखर चढते.

आईंची भेट सकाळची घ्या, नाश्ता आणि नेहमीची गोळी झाल्यावर. उपाशी नेऊ नका. अलीकडचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट बरोबर ठेवा. अॅस्पिरिन स्वतःहून बंद करू नका, रूट कॅनॉलसाठी तसं करायची गरज नसते. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल इंजेक्शनं चालू असतील तर आवर्जून सांगा. अशा वेळी दाढ काढल्यावर जबड्याचं हाड नीट भरून न येण्याचा धोका असतो, म्हणून रूट कॅनॉलच बरं. हृदयाची झडप बदललेली असेल तर उपचाराआधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. तो डॉक्टर ठरवतील.

अवजारांच्या पाकिटाकडेही बघा. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, आलेल्या बंद पाकिटावरच्या खुणेचा रंग बदललेला असतो. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगण्यात अवघडण्यासारखं काही नाही.

प्रश्न: दुखणं थांबलंय. कॅप घालायलाच हवी का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: दाढ असेल तर हो. नसेपर्यंत जायला दाढेचं छप्परच काढलेलं असतं, कीड गेली तिथली भिंतही गेलेली असते. चावताना उरलेली टोकं बाहेरच्या बाजूला फाकतात आणि एक दिवस मिसळीतल्या कडक शेवेवर किंवा चिक्कीवर दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की ती दाढ काढावीच लागते, मग रूट कॅनॉलचेही पैसे गेले. पुढचा दात असेल आणि बराचसा शाबूत असेल तर नुसतं सिमेंट चालतं.

तात्पुरत्या सिमेंटवर महिनोन्‌महिने काढू नका. ते झिजतं, लाळ आत झिरपते, भरलेली नळी पुन्हा दूषित होते. मागच्या दाढेला झिर्कोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचीच कॅप हवी असं नाही. मेटल-सिरॅमिक, अगदी नुसती धातूची कॅपही काम देते.

प्रश्न: पाचवा महिना चालू आहे. आत्ता करू की बाळंतपणानंतर?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: आत्ताच करा, चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. भुलेचं नेहमीचं इंजेक्शन चालतं. गरजेपुरता एक्स-रे शिशाचा एप्रन घालून काढता येतो. दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. खुर्चीत पूर्ण पाठीवर झोपू नका, उजव्या कुशीखाली छोटी उशी घेऊन थोडं डावीकडे कला. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडला की चक्कर येते.